परमिट रूममधली भुतं

काही वर्षांपूर्वी भाच्याकडे लंडनला गेलो होतो. एका संध्याकाळी तो मला जुन्या पबांच्या 'भूतफेरी'ला घेऊन गेला. पुढे कंदील घेतलेला वाटाड्या आणि मागे आम्ही पंधरा-वीस जण. बेलग्रेव्हिया भागातल्या 'ग्रेनेडियर' या पबात तो बराच वेळ थांबला. ही इमारत मूळची पलटणीच्या अधिकाऱ्यांची खाणावळ. १८१८ साली तिचा पब झाला. पत्ते खेळताना लबाडी करणाऱ्या एका तरुण शिपायाला सोबत्यांनी मरेस्तोवर मारले आणि तो अजून तिथे वावरतो, अशी आख्यायिका आहे. त्याचे देणे फिटावे म्हणून गिऱ्हाइके छताला नोटा चिकटवतात.

माझा भुतांवर विश्वास नाही. गोष्ट खरी की रचलेली, हेही कोणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. पण त्या छताकडे बघताना मला हेवा वाटला. दारूच्या एका दुकानाने एका मेलेल्या माणसाची आठवण धरून ठेवली होती. १८१८ म्हणजे आपल्याकडे पेशवाई बुडाल्याचे साल. अशी फेरी आमच्या सांगली-मिरज-कुपवाडात काढायची ठरवली, तर वाटाड्या लोकांना कुठे उभे करील?

परतल्यावर हा प्रश्न डोक्यात ठेवून मी हिंडलो. कुपवाडची औद्योगिक वसाहत, मिरज स्टेशनचा परिसर, सांगलीच्या पेठा. जुना म्हणावा असा गुत्ता एकही सापडला नाही. सापडले ते दोनच शब्द, जागोजागच्या पाट्यांवर रंगवलेले : 'परमिट रूम'. आमच्याकडचे पहिले भूत हेच, असे मला वाटते.

पिणे आपल्याकडे नवे नव्हते. कोकणात ताडी-माडी, देशावर शिंदी, रानपट्ट्यात मोहाची. कलालांचा तो पिढीजात धंदा होता. १८७८ च्या मुंबई आबकारी कायद्याने इंग्रजी मुलखातली ही घडी मोडली. गाळण्याचा आणि विकण्याचा हक्क सरकारच्या परवान्याखाली गेला, मक्ते दिले जाऊ लागले आणि दारू हे महसुलाचे मोठे साधन झाले. १८८० मध्ये पुणे नगरपालिकेचे सदस्य असलेल्या जोतीराव फुल्यांनी शहरातल्या वाढत्या दारूदुकानांविरुद्ध आवाज उठवला. 'सरकारमान्य देशी दारूचे दुकान' या आजच्या पाटीतला 'सरकारमान्य' हा शब्द त्याच काळाची आठवण देतो.

पुढे चाक उलटे फिरले. १९४८ मध्ये सांगली, मिरज ही पटवर्धनी संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली. पुढच्याच वर्षी हा भाग 'दक्षिण सातारा' जिल्हा म्हणून नकाशावर आला आणि त्याच १९४९ साली मुंबई दारूबंदी कायदा लागू झाला. म्हणजे आमचा जिल्हा आणि दारूबंदी एकाच वयाची. उघड पिण्याची ठिकाणे बंद झाली. डॉक्टरचा दाखला आणून परवाना मिळवणाऱ्याला मात्र मुभा होती; कागदोपत्री दारू हे औषध ठरले आणि पिणारा रोगी. साठ-सत्तरच्या दशकांत बंदी सैल झाली, बार उघडले, पण कायदा रद्द झाला नाही. आज तो 'महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम' या नावाने हयात आहे, आणि पिणाऱ्याकडे एक दिवसाचा, वर्षाचा किंवा आजन्म परवाना असावा अशी त्याची अपेक्षा आहे. तो कोणी मागत नाही, कोणी दाखवत नाही. प्राण गेलेला हा नियम पाटीवर मात्र रोज संध्याकाळी उजळतो.

दुसरे भूत ओढ्याकाठचे. माझ्या लहानपणी आजी म्हणायची, "दिस मावळल्यावर वड्याकडं जाऊ नगंस, तिथं जळती लाकडं दिसत्यात." आम्ही पोरे ती भुताची दिवटी समजत होतो. खूप वर्षांनी, त्याच वस्तीतल्या एका वृद्ध गृहस्थांनी हसत हसत उलगडा केला : ती हातभट्टी होती. काळा गूळ आणि नवसागर घालून रसायन कुजवायचे, रात्री गाळायचे आणि पहाटे ट्यूबमध्ये भरून पोचवायचे. लोक फिरकू नयेत म्हणून भुताची आवई भट्टीवाल्यांनीच उठवली होती. हा ऐकीव पुरावा आहे, कागद नाही. पण गुळाच्या पेठेजवळच्या या भागात तो मला पटण्याजोगा वाटतो. बंदीने गुत्ता मिटवला, तो ओढ्यात गेला आणि सोबत भुताची गोष्ट घेऊन गेला.

तिसऱ्या भुताबद्दल लिहिताना हात अडखळतो. माझे धाकटे चुलते त्याच ओढ्याची दारू पिऊन गेले. दोन दिवस डोळ्यांपुढे अंधारी येते म्हणत होते, तिसऱ्या दिवशी संपले. घरच्यांनी 'पोटाचं दुखणं' असे सांगितले, मृत्यूच्या नोंदीतही तेच लागले. इतिहासाच्या नादाला लागल्यावर मी ती नोंद स्वतः काढून वाचली. दारूचा उल्लेख नाही. बंदीच्या काळात अशी किती 'पोटाची दुखणी' नोंदली गेली असतील, ते कोणत्याच दप्तरातून निघणार नाही. २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे गेली. ती मोजली तरी गेली. ओढ्याकाठची मोजलीही गेली नाहीत.

माझी काकू त्यानंतर चाळीस वर्षे जगली. गावोगावच्या बायका मतदानात 'आडवी बाटली' करून दुकाने बंद पाडू लागल्याचे पेपरात यायला लागले, तेव्हा ती बातमी माझ्याकडून दोनदा वाचून घ्यायची. बाकी या विषयावर अखेरपर्यंत एक शब्द बोलली नाही.

लंडनच्या फेरीत आम्ही ज्याच्यासाठी थांबलो, तो शिपाई कदाचित कधी नव्हताच. आमच्याकडे उलटे आहे : माणसे खरी होती, थांबायला जागा तेवढी नाही. आमच्या भूतफेरीचा वाटाड्या मीच झालो, तर लोकांना एखाद्या परमिट रूमच्या पाटीखाली उभे करून त्या दोन शब्दांचा अर्थ सांगेन. मग ओढ्यावर नेईन. तो आता पुलाखालून वाहतो, पाण्याला कारखान्यांचा वास येतो. तिथे कंदील खाली ठेवून चुलत्यांचे नाव घेईन. नोंदीत राहून गेलेले कारण निदान तेवढ्यांना तरी कळेल.