फराहबाग आणि वऱ्हाड

वरवट बकालच्या शिवारांत उभें राहिलें म्हणजे उत्तरेस सातपुड्याची निळी रांग दिसते. त्याच रांगेंत पूर्वेकडे नरनाळा किल्ला आहे. इ. स. १५७४ मध्यें तो मुर्तजा निजामशहाच्या फौजेनें घेतला, इमादशाही बुडाली व वऱ्हाड निजामशाहींत गेलें. आपला मुलूख जिंकणाऱ्या या राजाच्या हातीं राज्याचें काय झालें, हें जाणावयाचें असल्यास वऱ्हाडी प्रवाशानें अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) येथील फराहबाग अवश्य पाहावी.

तिच्या मधला महाल १५८३ सालीं प्रधान सलाबतखान याच्या देखरेखीखालीं पुरा झाला. त्याची घडण नेहमींच्या राजवाड्यासारखी नाहीं. मोठ्या हौदाच्या मध्यभागीं चौथरा, त्यावर अष्टकोनी दुमजली इमारत, आणि तिच्या पोटांत घुमटाचा उंच दिवाणखाना. औरंगाबादच्या बिबीच्या मकबऱ्यांत मोगली रीतीप्रमाणें पाण्याचे पाट बागेचे भाग पाडतात. येथें पाणीच वास्तूला वेढा घालून असे. तें दुरून खापराच्या नळांनीं येई, आणि पाण्यावरून निवत आलेला वारा कमानींतून आंत शिरे. दख्खनच्या उन्हाळ्यावर याहून शहाणा उपाय कोणता? ताजमहालाची कल्पना येथूनच निघाली, अशी दंतकथा आहे. परंतु असल्या उसन्या मोठेपणाची या वास्तूस मुळींच गरज नाहीं.

ही शोभा उभी राहिली तेव्हां राजा मात्र दरबारांत नव्हता. वऱ्हाड जिंकल्यानंतर त्यानें एकांत धरला. लोक त्याला ‘दिवाणा’ म्हणूं लागले. कारभार सलाबतखानानें चालविला. पुढें राजानें त्यालाच कैदेंत टाकलें, आणि राज्याचा आधार तुटला. १५८८ मध्यें मुर्तजाचा वध त्याच्याच पुत्रानें केला. १५९६ मध्यें चांदबिबीनें नगरचा किल्ला शौर्यानें राखला, परंतु तहांत वऱ्हाड अकबरास द्यावें लागलें. जिंकलेला प्रांत अवघीं बावीस वर्षें टिकला.

शहराच्या पूर्वेस डोंगरावर सलाबतखानाची कबर आहे. तीहि अष्टकोनीच, पण लोक तिला ‘चांदबिबीचा महाल’ म्हणतात. आज फराहबागेच्या कमानी उभ्या आहेत, परंतु त्यांना वेढणारें तें पाणी राहिलेलें नाहीं. राणीच्या नांवानें कबर ओळखली जाते. ज्यानें राज्य सांभाळलें, त्याचें नांव निदान बाग पाहणाऱ्यानें तरी आपल्या मुलांस सांगावें.