नखांवरचा टिकाऊ रंग : घरच्या घरी, पण त्वचा जपून

तुळशीचे लग्न लागले की अहिल्यानगरच्या कापडबाजारात बस्ता बांधण्यासाठी येणाऱ्यांची वर्दळ वाढू लागते. साड्या झाल्या, बांगड्या झाल्या, की यादीत अलीकडे आणखी एका गोष्टीची भर पडते, ती म्हणजे नखांची. आठवडाभराच्या विधींत, स्वयंपाकघरात आणि पाहुण्यांच्या सरबराईत न उडणारा, दोन-तीन आठवडे टिकणारा 'जेल'चा रंग आता केवळ नवरीपुरता राहिलेला नाही. करवल्या, मावश्या, महाविद्यालयीन मुली अशा साऱ्यांनाच तो हवासा वाटतो.

अडचण अंतराची आणि खर्चाची आहे. 2024 मध्ये अहमदनगरचे अहिल्यानगर झाले (बोलताना बहुतेकांच्या तोंडी अजूनही 'नगर'च येते), पण जिल्ह्याचा विस्तार तोच आहे. क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा असलेल्या या जिल्ह्यात 14 तालुके आहेत. अकोल्याहून सावेडीच्या एखाद्या पार्लरमध्ये यायचे तर शंभर किलोमीटरहून अधिक प्रवास करावा लागतो. शिवाय जेल लावून भागत नाही. दोन-तीन आठवड्यांनी तो काढण्यासाठीही जावे लागते. त्यामुळे दिवा, बाटल्या, कानस आणि साहित्याचा सारा संच घरपोच मागवून हे काम घरीच उरकण्याकडे कल वाढणे स्वाभाविक आहे. ते घरी करता येते, यात शंका नाही. परंतु त्यातील खरा धोका कोठे आहे, हे संचासोबत येणाऱ्या चिठ्ठीवरून सहसा कळत नाही.

मेंदीपासून जेलपर्यंत

घरी लावलेला आणि टिकणारा नखांचा रंग आपल्याकडे नवा नाही. मेंदीच्या पानांतील 'लॉसोन' हे रंगद्रव्य नखाच्या केराटिनशी थेट जोडले जाते. त्यामुळे मेंदीचा रंग नखावरून उडत नाही, टवका निघत नाही. नख वाढेल तसा तो पुढे सरकतो आणि शेवटी कापला जातो. हाताचे नख महिन्याला साधारण 3 मिलिमीटर वाढते. त्यामुळे नखाच्या मुळापासून टोकापर्यंतचा रंग पूर्ण जाण्यास चार ते सहा महिने लागतात. अनेक मुस्लिम कुटुंबांत नेलपॉलिशऐवजी मेंदी पसंत केली जाते, त्यामागेही असेच व्यावहारिक कारण आहे. वजू करताना पाणी नखापर्यंत पोहोचावे लागते. नेलपॉलिशचा पापुद्रा ते अडवतो, मेंदीचा रंग अडवत नाही.

नेलपॉलिशचे तंत्र याहून अगदी वेगळे. नायट्रोसेल्युलोज द्रावकात विरघळवलेले असते. द्रावक उडून गेले की नखावर पातळ पापुद्रा उरतो. भारतात 1952 मध्ये 'लॅक्मे'ची स्थापना झाल्यानंतर सौंदर्यप्रसाधनांची देशी बाजारपेठ आकारास आली आणि नेलपॉलिशची बाटली मध्यमवर्गीय घरांत पोहोचली. दिव्याखाली पक्का होणारा, पण बाटलीतूनच ब्रशने लावता येणारा जेलचा रंग मात्र 2010 मध्ये अमेरिकेतील 'सीएनडी' कंपनीच्या 'शेलॅक'मुळे जगभर लोकप्रिय झाला.

साधे नेलपॉलिश अधिक कसे टिकेल?

जेलकडे वळण्याआधी एक गोष्ट तपासून पाहण्याजोगी आहे. साधे नेलपॉलिश दोन दिवसांत उडते ही तक्रार बहुतेक वेळा नेलपॉलिशची नसते, ते लावण्याच्या पद्धतीची असते. पार्लरमध्ये मॅनिक्युअरच्या सुरुवातीला बोटे कोमट पाण्यात बुडवून ठेवतात. त्वचा मऊ होण्यासाठी ते ठीक. पण नख पाणी शोषून फुगते आणि सुकल्यावर पुन्हा आकसते. फुगलेल्या नखावर रंग लावला तर नख आकसताच पापुद्र्याला सूक्ष्म तडे जातात. म्हणून घरी रंग लावण्याच्या आधी निदान तासभर भांडी घासणे, कपडे धुणे वा स्नान टाळावे. नखांवर तेलाचा अंश राहू नये यासाठी रिमूव्हरमध्ये भिजवलेल्या कापसाने प्रत्येक नख पुसून घ्यावे. स्वयंपाक करणाऱ्या हातांवर फोडणीचे तेल राहतेच आणि ते साबणाने पूर्ण निघत नाही.

त्यानंतर बेस कोट, रंगाचे दोन पातळ थर आणि टॉप कोट द्यावा. एक जाड थर दोन पातळ थरांची जागा घेऊ शकत नाही. तो वरून सुकतो आणि आतून ओलाच राहतो. प्रत्येक थराच्या वेळी ब्रश नखाच्या टोकाच्या कडेवरूनही फिरवावा. टवका जवळजवळ नेहमी तेथूनच निघतो. कणीक मळताना, भाकरी थापताना तीच कड सर्वप्रथम घासली जाते. नखे आखूड ठेवली तर रंग अधिक टिकतो, हेही याच कारणाने. दोन दिवसांनी टॉप कोटचा आणखी एक हात दिल्यास आठवडाभर रंग नेटका राहू शकतो. बहुतेक लग्नांना आठवडा पुरतो. नवरात्रात रोज नवा रंग हवा असणाऱ्यांना तर जेलचा उपयोगच नाही.

जेल म्हणजे नेमके काय?

जेल हवेने सुकत नाही. त्यात अ‍ॅक्रिलेट वर्गातील लहान रेणू असतात. अतिनील किंवा त्यालगतच्या जांभळ्या प्रकाशाने त्यातील विशिष्ट घटक जागृत होतो आणि हे रेणू एकमेकांना जोडून लांब साखळ्या तयार करतात. पूर्ण जोडणी झाली की उरते ते कठीण, निष्क्रिय प्लॅस्टिक. जोडणी अर्धवट राहिली तर वरून टणक दिसणाऱ्या थराच्या आत मोकळे रेणू शिल्लक राहतात. हेच मोकळे रेणू, किंवा लावताना नखाबाहेर ओघळलेला ओला जेल, त्वचेत शिरला की शरीराची प्रतिकारयंत्रणा त्याला शत्रू म्हणून ओळखू शकते. अ‍ॅलर्जी होते ती अशी.

ही अ‍ॅलर्जी पहिल्याच वेळी दिसत नाही, म्हणूनच ती फसवी आहे. अनेकदा कित्येक महिने निर्धास्तपणे जेल लावल्यानंतर अचानक नखांभोवती खाज सुटते, बोटांची टोके लाल होतात, फोड येतात, त्वचेला भेगा पडतात, नख खालच्या मांसापासून सुटू लागते. कधी पापण्यांवर किंवा मानेवर पुरळ येते, कारण बोटे दिवसभर चेहऱ्याला लागत असतात. पुष्कळ जणी त्यावर नखुरडे समजून घरगुती उपाय करीत राहतात आणि पुढचा जेल त्यावरच लावतात. एकदा झालेली अ‍ॅलर्जी बहुधा जन्मभर राहते. पुढे दातांत भरायचे सिमेंट, सांधेरोपणात वापरले जाणारे बोन सिमेंट किंवा मधुमेहाच्या रुग्णांच्या त्वचेवर चिकटवायचे संवेदक यांतही अ‍ॅक्रिलेट असू शकते. म्हणजे विशीत हौसेने लावलेल्या रंगाची किंमत साठीत दवाखान्यात मोजावी लागू शकते.

ब्रिटनमधील त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2018 मध्ये याबाबत जाहीर इशारा दिला होता, आणि त्यात घरी वापरायच्या संचांचा स्वतंत्र उल्लेख होता. या वर्गातील 'हेमा' या घटकाचा नखांच्या प्रसाधनांतील वापर युरोपीय संघाने 2020 च्या नियमाने केवळ व्यावसायिकांपुरता मर्यादित केला. 'टीपीओ' या प्रकाशाने जागृत होणाऱ्या घटकावर तेथे 1 सप्टेंबर 2025 पासून बंदी आहे. बंदीचा आधार प्राण्यांना तो घटक खाऊ घालून केलेल्या प्रयोगांत प्रजननक्षमतेवर दिसलेला परिणाम हा होता. नखावर लावल्याने माणसांत तसे घडल्याचे त्यातून सिद्ध होत नाही. 'हेमाविरहित' असे लिहिलेल्या बाटलीतही अन्य अ‍ॅक्रिलेट असतातच, हे ध्यानात ठेवावे.

घरी चूक कोठे होते?

उजव्या हाताने डाव्या हाताची नखे नीट रंगवता येतात; डाव्या हाताने उजवी रंगवताना ब्रश हमखास कडेच्या त्वचेवर जातो. नेलपॉलिश असेल तर ते नंतर पुसता येते. जेलच्या बाबतीत दिव्याखाली हात घालण्यापूर्वीच तो पुसायला हवा. यासाठी लाकडी काडीला कापूस गुंडाळून जवळ ठेवावा. नखाच्या मुळाशी आणि दोन्ही कडांना केसाएवढी जागा मोकळी सोडावी. ती दिसायला किंचित उणी वाटली तरी चालेल. शक्य असेल तर बहिणीने वा मैत्रिणीने एकमेकींची नखे रंगवावीत. मात्र रंगवणारीच्या बोटांनाही ओला जेल लागता कामा नये. पातळ लॅटेक्सचे हातमोजे त्यासाठी पुरेसे नाहीत, कारण हे रेणू काही मिनिटांतच त्यातून आरपार जातात. नायट्राइलचे मोजे बरे. तेही वरचेवर बदलावेत.

दुसरी चूक दिव्याची. प्रत्येक जेल ठरावीक तरंगलांबीच्या आणि ठरावीक शक्तीच्या दिव्यासाठी बनवलेला असतो. एका कंपनीची बाटली आणि दुसऱ्याच कंपनीचा स्वस्त दिवा अशी जोडी जमवली तर थर वरून पक्का वाटतो, आतून कच्चा राहतो. चार्जिंगवर चालणारे छोटे दिवे बॅटरी उतरल्यावर मंद होतात. वीज मध्येच गेली तर तो थर अर्धाच पक्का झाला असे समजून वीज आल्यावर पूर्ण वेळ पुन्हा द्यावा. चारही बोटांसोबत अंगठा आत घातला तर तो तिरका राहतो आणि प्रकाश एका बाजूला कमी पडतो. दोन्ही अंगठे वेगळे, सरळ धरून ठेवावेत. बाटल्या खिडकीत ठेवू नयेत, उन्हाने जेल बाटलीतच घट्ट होतो.

दिव्याच्या किरणांविषयीही विचारणा होते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो येथील संशोधकांनी 2023 मध्ये प्रयोगशाळेतील पेशींवर केलेल्या अभ्यासात 20 मिनिटांच्या एका सत्रात 20 ते 30 टक्के पेशी मृत झाल्याचे नमूद केले. घरी एका वेळी लागणारा काळ याहून बराच कमी असतो आणि वाढवलेल्या पेशी म्हणजे जिवंत हाताची त्वचा नव्हे. तरीही बोटांची टोके कापलेले जुने हातमोजे घालणे किंवा आधी सनस्क्रीन लावणे यात गैरसोय काहीच नाही. डॉक्सिसायक्लिनसारखी, त्वचेला प्रकाशाबाबत संवेदनशील करणारी औषधे चालू असताना मात्र दिवा टाळलेलाच बरा.

मेंदी, हळद आणि क्रम

लग्नघरात क्रम चुकला की सारी मेहनत वाया जाते. मेंदी आधी, नखांचा रंग नंतर. मेंदी खुलण्यासाठी लावलेले निलगिरीचे वा लवंगेचे तेल नखावर राहिले तर जेल धरत नाही, म्हणून नखे कोरडी पुसून घ्यावीत. फिकट गुलाबी वा पांढरा रंग हवा असेल तर तो हळदीनंतरच लावावा. हळदीतील पिवळे द्रव्य टॉप कोटमध्ये मुरते आणि साबणाने जात नाही. उन्हात मात्र काही अंशी फिके पडते. गडद लाल वा मरून रंगाला ही धास्ती नाही.

काढताना

जेल सोलून काढण्याचा मोह सर्वांनाच होतो. त्यासोबत नखाचे वरचे पापुद्रेही निघून येतात आणि 'जेलने नखे खराब झाली' असा दोष दिला जातो. कानशीने वरचा चकचकीत थर घासून, अ‍ॅसिटोनमध्ये भिजवलेला कापूस नखावर ठेवावा आणि पोळ्या गुंडाळण्याच्या फॉइलने बोट बांधून 10 ते 15 मिनिटे थांबावे. सैल झालेला थर लाकडी काडीने हलकेच ढकलावा; न निघाल्यास पुन्हा बांधावे, खरवडू नये. अ‍ॅसिटोन भडकन पेट घेते. स्वयंपाकघरातील शेगडी, देवघरातील समई, उदबत्ती यांच्या जवळपास हे काम अजिबात करू नये. खिडकी उघडी असावी. नंतर खोबरेल तेल चोळावे.

एखाद्या नखाचा जेल कडेने सुटला तर त्यावर नवा थर देऊन ती फट बुजवू नये. आत साचलेल्या ओलाव्यात जंतू वाढून नख हिरवट होते. हात सतत पाण्यात असणाऱ्यांत हा त्रास अधिक दिसतो. असे नख मोकळे करून कोरडे ठेवावे. खाज वा फोड आल्यास जेल लगेच काढून त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे आणि वापरलेली बाटली सोबत न्यावी. जिल्ह्यात लोणी व विळद घाट येथील वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत त्वचारोग विभाग आहेत. अ‍ॅलर्जी नेमकी कशाची, हे 'पॅच टेस्ट'ने ठरवता येते.

खरेदी करताना बाटलीवर उत्पादकाचे नाव व पत्ता, बॅच क्रमांक, वापरण्याची अंतिम मुदत आणि घटकांची यादी पाहावी. परदेशी मालावर आयात नोंदणी क्रमांक व आयातदाराचे नाव असणे आवश्यक आहे. भारतात 2020 च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार ही नोंदणी केंद्रीय औषध नियंत्रण यंत्रणेकडे करावी लागते. नाव-गाव नसलेली, केवळ रंगाचा क्रमांक छापलेली बाटली कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये.

रुग्णालयात जायचे असेल तेव्हा प्रश्न वेगळा असतो. शस्त्रक्रियेच्या वा प्रसूतीच्या वेळी बोटाला ऑक्सिमीटर लावतात आणि गडद रंगामुळे त्याचे वाचन चुकू शकते. नेलपॉलिश मिनिटभरात पुसता येते, जेल नाही. म्हणून दिवस भरत आलेल्या स्त्रियांनी निदान दोन बोटे तरी मोकळी ठेवावीत. रुग्णसेवेत असणाऱ्या परिचारिका व विद्यार्थिनींसाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या 2009 च्या मार्गदर्शक तत्त्वांत कृत्रिम नखे न वापरण्याची शिफारस आहे.