शाळेचे आवार : पाहणीची एक परंपरा



स्मृतिव्याख्यानात आपण बहुधा व्यक्तींचे स्मरण करतो. आज मी शाळेच्या आवाराविषयी बोलणार आहे. आवारातील माती, पाणी, झाडे, हवा आणि कचरा यांची विद्यार्थ्यांनी स्वतः पाहणी करावी व त्यांत सुधारणा घडवावी, हा विचार अलीकडे परदेशातून आला असे पुष्कळांना वाटते. इतिहासाची साक्ष मात्र निराळी आहे.

या परंपरेचा पहिला टप्पा श्रमाचा. कुंभोजला जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह उघडले. तेथे झाडलोट, स्वयंपाक आणि शेतीकाम ही मुलांचीच जबाबदारी होती. १९३७ च्या वर्धा परिषदेत गांधीजींच्या नयी तालीमने हाच श्रम अभ्यासक्रमाच्या केंद्रस्थानी आणला.

दुसरा टप्पा संस्काराचा. शांतिनिकेतनात रवींद्रनाथांनी १९२८ साली वृक्षारोपणाचा उत्सव सुरू केला. स्वतंत्र भारतात १९५० साली वनमहोत्सव आला. झाड लावणे हा शाळेचा सोहळा झाला. सोहळ्यानंतर झाडाला पाणी कोण घालणार, हा प्रश्न मात्र पुष्कळदा अनुत्तरित राहिला.

आपल्या सीमाभागाला विशेष जवळचे नाव म्हणजे शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक. आजरा तालुक्यातील बहिरेवाडीचा हा मराठी माणूस धारवाडजवळच्या उप्पिन बेटगेरी या कन्नडभाषक खेड्यात जाऊन राहिला आणि त्याने आरोग्य, स्वच्छता व शिक्षण यांची सांगड घातली. पुढे कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव म्हणून त्यांनी देशाच्या शिक्षणाचा विचार केला. परंतु त्या विचाराची मुळे खेड्याच्या गल्लीत होती. भाषेच्या सीमा सांडपाण्याला अडवीत नाहीत, हे या भागातल्या माणसाला वेगळे सांगावयास नको.

तिसरा टप्पा अभ्यासक्रमाचा. १९७५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रमाने प्राथमिक वर्गांसाठी परिसर अभ्यास सुचविला. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली पर्यावरण शिक्षण सक्तीचे करण्याचे निर्देश दिले आणि २००३ साली त्यांच्या अंमलबजावणीकडे पुन्हा लक्ष वेधले. विषय आला, पुस्तक आले, गुणही आले. परंतु तयार प्रकल्पवही दुकानात विकत मिळू लागली आणि खिडकीबाहेरचे आवार अभ्यासावाचून राहिले.

म्हणूनच चौथा टप्पा महत्त्वाचा, तो मोजणीचा. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायरन्मेंट या संस्थेने हवा, ऊर्जा, अन्न, जमीन, पाणी आणि कचरा अशा सहा अंगांनी शाळेचा हिशेब विद्यार्थ्यांनीच मांडावा, अशी पद्धत रूढ केली. यासाठी महागडी उपकरणे लागत नाहीत. दोन्ही तोंडे उघडी असलेला पत्र्याचा डबा मातीत थोडा रोवून पाणी ओतावे आणि ते मुरण्यास लागणारा वेळ घड्याळाने मोजावा. वडाखालची जमीन आणि फरशी घातलेले अंगण यांतील फरक मुलांना तत्काळ कळतो. आठवडाभराचा कचरा वेगळा करून तोलावा. गळक्या नळाखाली तासभर बादली ठेवावी. शंभर चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे शंभर लिटर पाणी होते, हे गणित पाचवीच्या मुलाला सुटते. मग ते पाणी कोठे जाते, हा प्रश्न तो आपण होऊन विचारतो.

संकेश्वरात त्या प्रश्नाचे उत्तर हिरण्यकेशीपाशी पोहोचते. आंबोलीच्या डोंगरात उगम पावून आजरा, गडहिंग्लज करीत आलेली ही नदी पुढे घटप्रभेला मिळते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी या खोऱ्याला आपले पाणी कसे वाहते याचा धडा दिला. आवारातील मुरलेला प्रत्येक थेंब पूर थांबवील, असे मी म्हणणार नाही. परंतु आपल्या अंगणाचा उतार ज्याला ठाऊक आहे, तो नागरिक उद्या गटाराच्या आराखड्यावर योग्य प्रश्न विचारील.

येथे एक कठीण गोष्ट सांगणे माझे कर्तव्य आहे. मुले प्रामाणिकपणे मोजू लागली की अप्रिय आकडे पुढे येतील. मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी किती वेळ असते, टाकी शेवटची केव्हा धुतली, कचरा कोठे जाळला जातो, हे त्यांच्या वहीत उतरेल. तेव्हा संस्थाचालकांनी ती वही कपाटात बंद केली, तर मुले पर्यावरणापेक्षा निराळाच धडा शिकतील : सत्य मोजावे, परंतु बोलू नये. ज्या शाळेला हे आकडे फलकावर लावण्याचे धैर्य आहे, तिनेच ही पाहणी सुरू करावी.

माझी सूचना साधी आहे. शाळेने एक कायम नोंदवही ठेवावी. दरवर्षी जून आणि जानेवारी महिन्यांत त्याच जागी, त्याच रीतीने मोजणी व्हावी. प्रत्येक वर्गाने एक दोष निवडून तो वर्षभरात दूर करावा, आणि माजी विद्यार्थ्यांनी लागेल तेथे गवंडी, नळकारागीर वा डॉक्टर म्हणून हातभार लावावा. ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, त्यांना आणखी एका हारापेक्षा अशी नीट राखलेली वही अधिक आवडली असती, असा माझा विश्वास आहे.