ख्रिस्ती धर्म, साम्यवाद आणि बाबासाहेबांची कसोटी



आमच्या अभ्यासवर्गात 'बुद्ध की कार्ल मार्क्स' वाचताना एका मुलाने प्रश्न केला. बाबासाहेब म्हणतात, कम्युनिस्टांचा राग मुळात ख्रिस्ती धर्मावरचा होता. दोन्ही धर्मांतला फरक न तपासता त्यांनी तोच राग बौद्ध धम्मावरही काढला. मग ख्रिस्ती लोकांचे साम्यवादाबद्दल काय म्हणणे होते? त्या दिवशी आमच्याकडे उत्तर नव्हते. नंतर वाचत गेलो तेव्हा लक्षात आले की हा इतिहास आपल्या 'लाल की निळा' या जुन्या वादाला फार उपयोगाचा आहे.

वाटून घेण्याची कल्पना मार्क्सच्या आधीची

बायबलच्या नव्या करारात 'प्रेषितांची कृत्ये' नावाचे पुस्तक आहे. यरुशलेममधल्या पहिल्या ख्रिस्ती समुदायाचे वर्णन त्यात येते. ज्यांच्याकडे जमीन किंवा घर होते ते विकून पैसे प्रेषितांच्या स्वाधीन करत आणि ज्याला जशी गरज तसे वाटप होई. 1875 साली मार्क्सने साम्यवादी समाजाचे सूत्र मांडताना गरजेचाच निकष धरला. तो निकष अठराशे वर्षांपूर्वीच धर्मग्रंथात होता.

त्याच पुस्तकात हनन्या आणि सप्पीरा या जोडप्याची गोष्ट आहे. त्यांनी जमीन विकली, काही पैसे लपवले आणि सगळे दिले असे खोटे सांगितले. त्यावर पेत्र त्यांना बजावतो की जमीन तुमचीच होती, पैसेही तुमच्याच हातात होते. गुन्हा खोटे बोलण्याचा आहे. म्हणजे देणे सक्तीचे नव्हते. हा मुद्दा ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

चौथ्या शतकात रोमन सम्राटांचा आश्रय मिळाला आणि चर्चचे रूप पालटले. कैसरियाचे बिशप बेसिल त्या काळातही श्रीमंतांना ठणकावत होते की साठवलेल्या धान्यावर भुकेल्याचा हक्क आहे. पण मध्ययुगात चर्च युरोपातला सर्वांत मोठ्या जमीनदारांपैकी एक झाला. मठातल्या साधूकडे स्वतःचे काही नसे, पण मठाकडे हजारो एकर जमीन असे आणि तिच्यावर भूदास राबत. आदर्श मठाच्या भिंतीआड राहिला. बाहेर सरंजामशाहीच होती.

1525 आणि 1528

1525 मध्ये जर्मनीतले शेतकरी उठले. मेमिंगेन शहरात त्यांनी बारा मागण्या लिहिल्या. ख्रिस्ताने सर्वांना मुक्त केले असेल, तर आम्ही कुणाचे दास का, हा त्यांचा सवाल होता. पोपशी भांडणारे मार्टिन ल्यूथर या वेळी राजांच्या बाजूने उभे राहिले आणि शेतकऱ्यांना निर्दयपणे ठेचा असे त्यांनी लिहिले. शेतकऱ्यांच्या बाजूने लढणारे धर्मोपदेशक थॉमस म्युन्ट्सर यांचा शिरच्छेद झाला. त्या दडपशाहीत एक लाखापर्यंत माणसे मारली गेली असा अंदाज दिला जातो. धर्मसुधारणा देवळाच्या दारापर्यंत आली आणि शेताच्या बांधावर थांबली. आपल्याकडच्या सुधारकांचा इतिहास माहीत असलेल्यांना हे नवीन वाटणार नाही.

तीनच वर्षांनी, 1528 मध्ये, मोराव्हियातल्या एका शहरातून हाकललेला सुमारे दोनशे जणांचा एक गट रस्त्यात थांबला. त्यांनी जमिनीवर एक झगा पसरला आणि प्रत्येकाने जवळ होते ते त्यात टाकले. पुढे याकोब हुटर यांच्या नावाने हा पंथ हुटराइट म्हणून ओळखला गेला. हुटर यांना 1536 मध्ये इन्सब्रुकला जिवंत जाळले. जाळणारे राज्यकर्ते स्वतःला ख्रिस्तीच म्हणवत होते. पंथ मात्र टिकला. देशोदेशी पळत हे लोक 1870 च्या दशकात अमेरिकेत पोहोचले. पहिल्या महायुद्धात लष्करात जायला नकार दिला म्हणून त्यांचे तरुण तुरुंगात डांबले गेले, दोघे सख्खे भाऊ मेले आणि बहुतेक वसाहती कॅनडात गेल्या. आज त्यांची संख्या सुमारे 50,000 आहे. शेती सामाईक, स्वयंपाकघर सामाईक, खाजगी मालमत्ता नाही. मध्ये काही काळ खंड पडूनही जवळपास पाचशे वर्षे हे चालत आले आहे, तेही पोलीस आणि रणगाड्यांशिवाय.

पण आम्ही याला स्वर्ग म्हणणार नाही. वसाहतीच्या निर्णयांत मतदान बाप्तिस्मा घेतलेल्या पुरुषांचे असते, बायकांना मत नसते. मालमत्ता सामाईक झाली म्हणून समता आपोआप येत नाही, हे यातून शिकायचे.

पोपने निषेध केला, पण कशाचा?

पोप नववे पायस यांनी साम्यवादाचा निषेध केला 1846 साली. कम्युनिस्ट जाहीरनामा निघाला 1848 साली. रशियन क्रांती त्याच्याही सत्तर वर्षे पुढे. म्हणजे 1846 मध्ये साम्यवादी राज्याचे अत्याचार नव्हते, कारण तसे राज्यच नव्हते. धोका मालमत्तेला होता. 1891 मध्ये पोप तेरावे लिओ यांनी कामगारांचे न्याय्य वेतन आणि संघटनेचा हक्क मान्य केला, हे त्यांच्या पदरात टाकलेच पाहिजे. पण खाजगी मालमत्ता हा नैसर्गिक हक्क, हे त्याच पत्रात ठासून सांगितले. 1937 मध्ये साम्यवाद मुळातच विकृत ठरवला गेला आणि 1949 मध्ये त्याचा प्रचार करणाऱ्या कॅथलिकांना धर्मबहिष्कृत करण्याचा आदेश निघाला.

रशियातला व्यवहार

मग चर्चची भीती खोटी होती का? नाही. 1922 मध्ये दुष्काळाच्या नावाने चर्चची चांदी-सोने जप्त झाले आणि पेट्रोग्राडचे धर्मप्रमुख वेनियामिन यांना गोळ्या घातल्या गेल्या. 1931 मध्ये मॉस्कोचे भव्य कॅथेड्रल सुरुंग लावून पाडले. 1937-38 च्या दहशतीत हजारो पाद्री मारले गेले.

आम्हाला यापेक्षा बोलका वाटतो टॉलस्टॉयवाद्यांचा प्रसंग. टॉलस्टॉय यांना रशियन चर्चने 1901 मध्येच बाहेर काढले होते. त्यांच्या अनुयायांनी 1921 मध्ये मॉस्कोजवळ 'जीवन आणि श्रम' नावाची सामाईक शेती सुरू केली. मालक नाही, नोकर नाही, हिंसा नाही. साम्यवादी राज्याला हे लोक डोक्यावर घ्यायला हवे होते! घडले उलटे. 1931 मध्ये त्यांना सैबेरियात जावे लागले, तिथेही 1936 पासून अटका झाल्या आणि दशक संपेपर्यंत त्यांची शेती सरकारी साच्यात कोंबली गेली. स्वखुशीने वाटून घेणारी माणसे हुकूमशाहीला चालत नाहीत, कारण त्यांना हुकमाची गरज नसते.

शिवी म्हणून 'कम्युनिस्ट'

पुढे लॅटिन अमेरिकेत काही पाद्री गरिबांच्या बाजूने उभे राहिले. एल साल्वादोरचे आर्चबिशप ऑस्कर रोमेरो यांच्यावर कम्युनिस्ट असल्याचा शिक्का मारला गेला आणि 24 मार्च 1980 रोजी प्रार्थना चालू असताना त्यांना गोळी घातली. आपल्याकडे एल्गार परिषद प्रकरणात झारखंडच्या आदिवासींमध्ये काम करणारे फादर स्टॅन स्वामी यांना माओवादी म्हणून अटक झाली. आरोप त्यांनी नाकारला होता. खटला उभा राहण्याआधीच 5 जुलै 2021 रोजी ते मुंबईत कोठडीत असताना वारले. जमिनीचा प्रश्न विचारला की शिक्का तयारच असतो.

मार्टिन ल्यूथर किंग यांनी 1963 च्या आपल्या प्रवचनसंग्रहात या गुंत्याला सरळ हात घातला. साम्यवाद त्यांनी नाकारला, कारण त्यात साध्यासाठी कोणतेही साधन चालते आणि माणूस राज्याचा गुलाम होतो. पण तिथेच ते थांबले नाहीत. न्यायाची जी तळमळ कम्युनिस्टांनी दाखवली ती चर्चने का दाखवली नाही, असे त्यांनी स्वतःच्या धर्मबांधवांना विचारले. काळ्या माणसाला वेगळ्या बाकावर बसवणाऱ्या चर्चला साम्यवादावर टीका करण्याचा नैतिक अधिकार उरत नाही, हा त्याचा अर्थ.

बाबासाहेबांची कसोटी

20 नोव्हेंबर 1956 रोजी काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेत बाबासाहेबांनी हाच प्रश्न आपल्या बाजूने सोडवला. खाजगी मालमत्तेतून दुःख निर्माण होते, हे त्यांनी मार्क्सइतकेच मान्य केले. भिक्खूला चीवर, भिक्षापात्र, वस्तरा, सुई, पाणी गाळण्याचे फडके अशा मोजक्या आठच वस्तू ठेवता येतात आणि संघाचा हा साम्यवाद रशियापेक्षा कडक असूनही हुकूमशाहीशिवाय चालला, असा त्यांचा युक्तिवाद होता. समतेसाठी स्वातंत्र्य आणि बंधुता गहाण टाकता येत नाही. बळ काढून घेतल्यावर काय टिकते, हीच त्यांची कसोटी. सोव्हिएत संघ 1991 मध्ये संपला आणि पाडलेले कॅथेड्रल त्याच जागी पुन्हा उभे राहिले. झगा पसरणाऱ्यांच्या वसाहती आजही आहेत.

तर मित्रांनो, कम्युनिस्टांना उत्तर देताना पोपची भाषा उसनी घेऊ नका. ती भाषा मालमत्ता वाचवण्यासाठी घडली होती. आणि धर्म म्हणजे अफू असे कुणी म्हणाले तर चिडू नका, कोणता धर्म असे विचारा.

पण त्याआधी आरसा बघू. 15 ऑक्टोबर 1956 च्या नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी प्रत्येकाकडे उत्पन्नाचा विसावा भाग धम्मकार्यासाठी मागितला होता. सक्ती नव्हती, दंड नव्हता. आपल्यापैकी किती जण तो देतात? आम्ही वस्तीत काम करतो तिथे विहारात देणगीदारांच्या नावाची फरशी आधी बसते, अभ्यासिकेची पुस्तके मागाहून येतात. पगारदार झालेले बांधव कॉलनीत जातात आणि 14 एप्रिललाच परततात. यरुशलेमच्या समुदायाचा चर्च कसा झाला, हे समजायला आपल्याला युरोपात जायची गरज नाही.

म्हणून अभ्यासवर्गातल्या त्या मुलाला आम्ही पुढच्या रविवारी एवढेच सांगितले. ख्रिस्ती जगात साम्यवादाला खरे उत्तर दिले ते झगा पसरणाऱ्यांनी, निषेधपत्रे काढणाऱ्यांनी नव्हे. आपल्याला विसावा भाग द्यायला सांगितला आहे. या महिन्यापासून सुरू करू.

नमो बुद्धाय! जय भीम!