वगाचा परवाना

पुण्याहून सिंहगडाकडे जाणाऱ्या वाटेवर, खडकवासल्याच्या अलीकडे, धारेश्वराच्या आश्रयाने पिढ्यान्‌पिढ्या नांदत आलेले आणि 2017 साली ज्याचा उरलासुरला भागही पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत दाखल झाला असे धायरी नावाचे हवेली तालुक्यातील जे गाव, त्या गावातील एका चौथ्या मजल्यावरच्या खोलीत बसून मी आणि माझा भाचा अशा दोघांनी गेल्या पावसाळ्यात एक जपानी चित्रपट पाहिला. आणि तो संपताच भाच्याने जो प्रश्न टाकला, त्याचे उत्तर शोधताना मला जपानात न जाता दीड-दोनशे वर्षांमागच्या महाराष्ट्रात जावे लागले. “मामा, चित्रं अप्रतिम आहेत,” तो म्हणाला, “पण गोष्ट कुठंय?”

चित्रपट ‘बेलाडोना ऑफ सॅडनेस’ या नावाने जगात ओळखला जातो. ओसामु तेझुका या विख्यात चित्रकथाकाराने 1961 साली स्थापन केलेल्या मुशी प्रॉडक्शन या संस्थेने प्रौढांसाठी जे तीन सचेतनपट काढले, त्यांतला हा तिसरा. पहिला अरबी सुरस कथांवर, 1969 सालचा. दुसरा क्लिओपात्रावर, 1970 सालचा. आणि हा 1973 सालचा, एइइची यामामोतो यांनी दिग्दर्शित केलेला, ज्याच्या निर्मितीच्या वेळी स्वतः तेझुका संस्थेतून बाहेर पडले होते आणि ज्याच्या प्रदर्शनानंतर काही महिन्यांतच संस्थेचे दिवाळे निघाले. फ्रेंच इतिहासकार मिशले याच्या 1862 सालच्या चेटकिणींवरील ग्रंथातून कथाबीज घेतलेले आहे: गरीब शेतकऱ्याची नववधू, तिच्यावर लग्नाच्याच दिवशी जुलूम करणारा सरंजामदार, तिच्या एकांतात येणारा सैतान, त्याच्या संगतीने तिला लाभलेले सामर्थ्य आणि शेवटी अग्निदंड. एवढीच गोष्ट. परंतु कुनि फुकाइ या चित्रकाराने जलरंगांत काढलेली लांबच लांब चित्रे, ज्यांच्यावरून कॅमेरा संथपणे सरकत जातो आणि ज्यांतील पुष्कळशी चित्रे हलतही नाहीत, ती पाहताना आमच्या कुडाळजवळच्या पिंगुळीचे चित्रकथी पोथीतील एकेक चित्र समोर धरून कथा सांगतात त्याची मला आठवण झाली. फरक इतकाच, की पिंगुळीत चित्र हे कथेचे चाकर असते, आणि येथे कथाच चित्राची पालखी वाहत होती.

शृंगाराला कथा लागते काय, हा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. हाल सातवाहनाच्या नावावर असलेल्या ‘गाथासप्तशती’तील सातशे गाथांमध्ये कथानक म्हणून काही नाही, एक शेत, एक वाटसरू, सासूची नजर चुकवणारी एक सून, दोन ओळी, आणि गाथा संपली. नाट्यशास्त्राने इतिवृत्ताला नाट्याचे शरीर म्हटले, आत्मा म्हटले नाही. आणि आनंदवर्धनाने अमरूच्या सुट्या श्लोकांविषयी असा अभिप्राय दिला की त्यांतील एकेक श्लोक शृंगाररसाच्या बाबतीत अख्ख्या प्रबंधाची बरोबरी करतो. शास्त्रात हा निकाल हजार वर्षांपूर्वी लागला होता. व्यवहारात मात्र तो कधीच लागला नाही, कारण व्यवहारात शास्त्रकार नव्हे तर पाटील, पंच आणि मामलेदार निकाल देतात.

तमाशाचा इतिहास या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या कारकिर्दीत पुण्यात लावणीला जो बहर आला, त्यातील शाहिरांची नामावळी पाहिली तरी या कलेने किती जातींना आणि धंद्यांना एका फडावर आणले होते हे ध्यानात येते: सोलापूरचा ब्राह्मण राम जोशी, गवळी असलेला होनाजी आणि त्याच्या रचनांना स्वर देणारा बाळा, शिकलगाराचा मुलगा सगनभाऊ, शिंपी असलेला परशराम, संगमनेरचा अनंतफंदी. यांची लावणी म्हणजे बहुधा एका स्त्रीच्या एका मनःस्थितीचे, एका रात्रीचे, किंबहुना एका रुसव्याचे चित्र. ती गाथेचीच वंशज. पुढे काय झाले असे तिला कोणी विचारीत नाही. पण खुल्या चावडीपुढे, बायाबापड्यांच्या कानावर जाईल अशा ठिकाणी तिला उभे राहायचे तर काही आडपडदा हवा होता, आणि तो आडपडदा गौळणीने पुरवला. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणी, त्यांची वाट अडवणारा कृष्ण, त्याचा पेंद्या आणि त्या गवळणींची ती वाचाळ मावशी यांच्या निमित्ताने जे जे म्हणता आले, ते ते देवाच्या नावावर खर्ची पडले. हा शृंगाराचा पहिला परवाना.

दुसरा परवाना कथेचा. तमाशात वग, म्हणजे आरंभ, मध्य आणि शेवट असलेले कथानक, हे मूळचे नव्हे. सांगली भागातील सावळज येथील उमा बाबाजी मांग या शाहिराने 1865 च्या सुमारास रचलेला ‘मोहना-बटाव’ हा पहिला वग मानला जातो. त्यापूर्वी गण, गौळण, बतावणी आणि लावणी एवढ्यावर रात्र सरत असे. वग आला आणि तमाशाचा गुरुत्वमध्य सरकला. पट्ठे बापूराव (1866–1945) यांच्या ‘मिठाराणी’सारख्या वगांनी तर प्रेक्षकाला पहाटेपर्यंत बसवून ठेवण्याची हमी दिली. हे बापूराव म्हणजे रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. कुलकर्णीपणाचे दफ्तर सोडून ढोलकीमागे गेलेले आणि पवळा हिवरगावकर या महार समाजातील गुणी कलावतीबरोबर फड गाजवल्यामुळे स्वजातीला कायमचे दुरावलेले. तोपर्यंत बाईची सोंगे नाच्या पोऱ्याच वठवीत असे. फडावर उभ्या राहिलेल्या पहिल्या बाईची आठवण करताना पवळेचेच नाव पुढे केले जाते. बापूराव मोठे वगकार खरे. तथापि लोकांना त्यांचे वग किती आठवतात आणि त्यांच्या लावण्या किती, याचा ताळा ज्याचा त्याने घ्यावा.

पुढे धंद्यानेच या वादाचा निवाडा आपल्या परीने केला, आणि तो असा की दोन्ही पक्षांना वेगवेगळी घरे बांधून दिली. एक ढोलकी-फडाचा तमाशा: गावोगाव हिंडणारा, राहुट्या-कनाती घेऊन फिरणारा, ज्याच्या सुपाऱ्या ठरवायला गावकरी चैत्राच्या सुमारास जुन्नर तालुक्यातील नारायणगावी जातात, आणि ज्याचा वगावाचून खेळच पुरा होत नाही. दुसरी संगीत बारी: पुण्याच्या आर्यभूषण थिएटरात किंवा दौंडकडच्या चौफुल्याला एका जागी ठाण मांडलेली, पेटी, तबला आणि ढोलकी यांच्या साथीवर केवळ लावणी करणारी, आणि जिला वगाचे सोयरसुतक नाही. एकाच कुळातल्या दोन भावांनी वाटणी करावी, एकाने कथा घ्यावी आणि दुसऱ्याने शृंगार, तसे हे झाले. मोजणीदाराने आखलेल्या हद्दी पिके पाळत नाहीत, हे मात्र खरे. फडातही लावणी उरली, आणि बारीतही प्रत्येक लावणीमागे एक न सांगितलेली गोष्ट उरलीच.

1948 साली बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने अश्लीलतेच्या सबबीवर तमाशावर बंदी घातली. हजारो पोटे ज्यावर चालत होती तो धंदा एका हुकुमाने बंद पडला. ओरड झाली, तमाशा सुधार समिती नेमली गेली, आणि अटी घालून खेळ पुन्हा सुरू झाले. त्या अटींतली कळीची अट अशी की वगाची संहिता तपासणीसाठी सादर करावी. माझ्या मते शृंगारकलेच्या इतिहासातला हा मोठा विनोदी प्रसंग आहे, यद्यपि ज्यांची चूल विझली त्यांना तो विनोद वाटला नसेल. दफ्तरात काय दाखल करता येते? गोष्ट दाखल करता येते. सरदाराने शेतकऱ्याच्या बायकोवर नजर ठेवली, तिने त्याला फजित केले, शेवटी न्याय झाला, असे चार कागद लिहून शिक्का मारून घेता येतो. पण यमुनाबाई वाईकर बैठकीच्या लावणीत एका जागी बसून, पदराचे टोक किंचित सावरून, तीच ओळ पुनःपुन्हा म्हणताना एकदा भुवईने, एकदा मानेने, एकदा नुसत्या थांबलेल्या श्वासाने जो अर्थ उभा करीत, तो कोणत्या कागदावर लिहून कोणत्या कारकुनापुढे ठेवावा? ओळीतले शब्द तेच राहत, अदा मात्र दर आवर्तनाला निराळी असे. वाईच्या या कलावतीला शंभराच्या घरात पोचताना, 2012 साली, पद्मश्री मिळाली आणि 2018 साली ती वारली; तिच्या कलेतला जो भाग खरोखर शृंगाराचा होता, त्यावर कोणत्याही मंडळाला बोट ठेवता आले नसते, कारण तो संहितेत नव्हताच.

कथेवर बोट ठेवणे सोपे असते, म्हणूनच कथेवर खटले होतात. चंद्रकांत काकोडकर यांची ‘शामा’ ही कादंबरी ‘रंभा’ मासिकाच्या 1962 सालच्या दिवाळी अंकात आली, तिच्यावर अश्लीलतेची फिर्याद झाली, उच्च न्यायालयात लेखक दोषी ठरला आणि अखेर 1969 साली सर्वोच्च न्यायालयाने त्याची निर्दोष मुक्तता केली. या निवाड्यातील एक गोष्ट मला फार मार्मिक वाटते. न्यायमूर्तींनी सुटे उतारे बाजूस ठेवून कृती समग्र वाचली, ती वाङ्‌मयदृष्ट्या थोर नसेल, लेखकाची अपरिपक्वताही तीत दिसत असेल, असा अभिप्राय दिला, आणि तरीही ती वाचकाला भ्रष्ट करणारी नाही असे ठरवले. म्हणजे कला कच्ची असूनही माणूस सुटला! त्याच वर्षी दंडविधानातील 292 व्या कलमात दुरुस्ती होऊन वाङ्‌मय, कला, शास्त्र यांच्या हिताचा अपवाद स्पष्टपणे नमूद झाला. देवाचा आणि कथेचा परवाना होता, आता कायद्याच्या पुस्तकात कलेच्या नावानेही परवाना निघाला.

हे सर्व भाच्याला सांगितल्यावर त्याने जे विचारले, ते मला टाळता आले नाही. “मग गोष्ट नसली तरी चालतं म्हणायचं?” चालते, असे ‘गाथासप्तशती’च्या बाबतीत मी निःशंकपणे म्हणेन. या चित्रपटाच्या बाबतीत म्हणणार नाही. कारण ज्या क्षणी त्या नववधूवर जुलूम होतो, त्या क्षणी चित्रकाराची रेषा तशीच लवचीक, तशीच रंगीत आणि तशीच मोहक राहते, आणि प्रेक्षकाला आपण काय पाहून मोहित होत आहोत याची शरम वाटू लागते. गाथेतल्या सुनेवर कोणी अत्याचार करीत नाही, म्हणून तिला कथेची गरज नाही. येथे अन्याय घडला आहे, आणि अन्याय ही आरंभ-शेवट असलेली वस्तू आहे, तिला वग लागतो. लाल बावटा कलापथकाच्या दिवसांत अण्णाभाऊ साठ्यांनी गणातला गणपती काढून मातृभूमीला वंदन आणले, गौळण गाळली आणि वग मात्र राखला, एवढेच नव्हे तर बळकट केला. सावकाराची, मालकाची, उपाशी माणसाची हकीगत अदाकारीवर सोपवून भागत नाही, हे ते ओळखून होते. आणि ज्या दौलतजाद्यात पैसे उधळणाऱ्याच्या नावाने तीच लावणी पुनःपुन्हा म्हणावी लागे, तेथे बाईच्या वाट्याला गोष्ट न येणे हे कलेचे स्वातंत्र्य होते की तिच्या स्वतःच्या कहाणीची जप्ती, याचे उत्तर देण्याचा अधिकार माझ्यासारख्या खुर्चीवर बसून पाहणाऱ्याला नाही.

जपानी निर्मात्यांनाही ही टोचणी लागली असावी. चित्रपट पडला, संस्था बुडाली; आणि 1979 साली तो तरुण विद्यार्थिनींना आवडेल अशा बेताने पुन्हा प्रदर्शित करताना काही उघडी दृश्ये कापली गेली व अखेरीस देलाक्रवाचे, हाती निशाण घेतलेल्या स्वातंत्र्यदेवतेचे चित्र जोडले गेले: जळालेल्या चेटकिणीचे रूप पुढे राज्यक्रांतीत उतरलेल्या स्त्रियांत दिसू लागले, असे सुचवण्यासाठी. वगाच्या शेवटी सूत्रधाराने पुढे येऊन सत्याचा जय झाल्याचे सांगावे आणि मुजरा करावा, तसेच हे.

भाच्याने ते शेवटचे चित्र मागे नेऊन पुन्हा लावले. मग आणखी मागे गेला, जेथे ती डोंगरउतारावर एकटी बसली आहे, केस वाऱ्यावर पसरले आहेत आणि कॅमेरा त्या केसांच्या टोकापर्यंत जायला आपला वेळ घेतो आहे, तेथे थांबला. खिडकीबाहेर सिंहगड ढगात गेला होता. “इथं काय होतं पुढं?” मी मुद्दाम विचारले. तो ऐकत नव्हता.