कुरुंदकर, नरहर अंबादास

(१५ जुलै १९३२ – १० फेब्रुवारी १९८२). मराठी समीक्षक, विचारवंत, वक्ते आणि नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे प्राचार्य. जन्म आजच्या हिंगोली जिल्ह्यातील नांदापूरचा. मूळ गाव वसमत तालुक्यातील कुरुंदा. शालेय शिक्षण वसमतला. पुढे हैदराबादला मामा डॉ. ना. गो. नांदापूरकर यांच्याकडे राहून शिकले. नांदापूरकर उस्मानिया विद्यापीठात मराठीचे प्राध्यापक होते. विद्यार्थिदशेतच कुरुंदकर निजामाविरुद्धच्या हैदराबाद मुक्तिसंग्रामात उतरले. इंटरला ते पुनःपुन्हा नापास झाले आणि पदव्या हाती यायला बरीच वर्षे लागली. पण वाचन कोणत्याही अभ्यासक्रमाच्या पलीकडे गेलेले होते.

१९५५पासून ते नांदेडच्या प्रतिभा निकेतन शाळेत शिक्षक होते. १९६३मध्ये पीपल्स कॉलेजात मराठीचे प्राध्यापक झाले आणि १९७७मध्ये प्राचार्य. निजामी राजवटीत मराठवाड्यातल्या मुलांना पदवीसाठी हैदराबाद गाठावे लागे, आणि तिथे शिकायचे ते मुख्यतः उर्दूतून. ही कोंडी फोडण्यासाठी मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांच्या प्रेरणेने नांदेड एज्युकेशन सोसायटीने १९५०मध्ये पीपल्स कॉलेज काढले. मुक्तिसंग्रामातून आलेल्या संस्थेला त्याच लढ्यात घडलेला प्राचार्य मिळावा, हे उचितच झाले. पद मोठे झाले तरी नांदेडकरांचे ते ‘गुरुजी’च राहिले.

त्यांचा खरा वर्ग मात्र गावोगावच्या व्याख्यानमालांत भरे. भरताचे नाट्यशास्त्र, मनुस्मृती, शिवाजी महाराज, गांधीहत्या, धर्मनिरपेक्षता, हैदराबादचे विलीनीकरण असे अवघड विषय ते सामान्य श्रोत्यांपुढे, विषय पातळ न करता मांडत. प्रतिपक्षाची बाजू आधी पूर्ण ताकदीने उभी करायची आणि मगच खोडायची, ही त्यांची पद्धत. ‘जागर’ आणि ‘शिवरात्र’मधील लेखन हिंदू व मुस्लिम जमातवादाला सारख्याच निर्भयतेने भिडते; हमीद दलवाईंच्या मुस्लिम समाजसुधारणेच्या कामामागे ते ठामपणे उभे राहिले. ‘मनुस्मृती’ हे पुस्तक व्याख्यानांतूनच सिद्ध झाले. ‘रूपवेध’मध्ये सौंदर्यविचार, तर ‘धार आणि काठ’मध्ये मराठी कादंबरीचा वेध आहे. रणजित देसाई यांच्या शिवाजी महाराजांवरील ‘श्रीमान योगी’ या कादंबरीला (१९६८) प्रस्तावना म्हणून जोडलेले त्यांचे दीर्घ पत्र शिवचरित्राच्या अभ्यासकाने आजही टाळू नये. एवढे सगळे त्यांनी पुण्या-मुंबईला न जाता नांदेडमध्ये राहून केले.

वयाच्या पन्नाशीआधीच, प्राचार्यपदावर असताना, औरंगाबाद येथे व्यासपीठावरच हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. विखुरलेले बरेच लेखन आणि भाषणे त्यानंतर पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली.