नेपाळमधील उंची, हवामान आणि प्रवास

नेपाळ हा हिमालयाच्या मध्यभागात वसलेला भूवेष्टित देश असून त्याचे हवामान अक्षांशापेक्षा समुद्रसपाटीपासूनच्या उंचीने अधिक ठरते. देशाची दक्षिणोत्तर रुंदी साधारणतः १५० ते २५० किलोमीटर आहे. एवढ्या अंतरात भूमी तराईतील १०० मीटरहून कमी उंचीपासून सगरमाथ्याच्या (एव्हरेस्ट) ८,८४८.८६ मीटर उंचीपर्यंत चढत जाते. त्यामुळे उष्ण मैदानापासून कायम हिमाच्छादित शिखरांपर्यंतचे हवामानाचे सर्व प्रकार येथे आढळतात. प्रवासाचे नियोजन करतानाही अंतरापेक्षा गाठावयाची उंची आणि त्यासाठी राखून ठेवलेले दिवस यांना अधिक महत्त्व असते.

उंची आणि तापमान

समुद्रसपाटीपासून वर जाताना हवेचे तापमान दर १,००० मीटरला सरासरी ६.५ अंश सेल्सिअसने घटते. या हिशोबाने सुमारे ८०० मीटर उंचीवरील पोखरा आणि ३,७०० मीटरहून उंच असलेले मुक्तिनाथ यांच्या तापमानात जवळजवळ १९ अंशांचा फरक पडू शकतो.

दक्षिणेकडील तराईत उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो, तर हिवाळ्यात दाट धुके व थंडीची लाट येते. मधल्या डोंगराळ भागाला ‘पहाड’ म्हणतात. याच भागातील काठमांडूची उंची सुमारे १,४०० मीटर, म्हणजे महाबळेश्वरच्या जवळपास आहे. मात्र काठमांडू महाबळेश्वरच्या उत्तरेस सुमारे १० अक्षांशांवर असल्याने तेथील हिवाळ्यातील पहाटेचे तापमान गोठणबिंदूजवळ जाते. उत्तरेकडील ‘हिमाल’ या उच्च प्रदेशात ५,००० मीटरच्या वर वनस्पती फारशा आढळत नाहीत.

पाऊस आणि पर्जन्यछाया

वार्षिक पावसापैकी सुमारे ८० टक्के पाऊस जून ते सप्टेंबर या काळात नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांमुळे पडतो. बाष्पयुक्त वारे डोंगररांगांना अडून वर चढतात, थंड होतात आणि दक्षिण उतारावर पाऊस देतात. अन्नपूर्णा रांगेच्या दक्षिणेस असलेल्या लुम्ले येथे वर्षाला ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तेथून सरळ रेषेत ५० ते ६० किलोमीटरवर, रांगेपलीकडील जोमसोम येथे तो ३०० मिलिमीटरच्या आसपासच असतो. म्हणूनच पावसाळ्यात दक्षिण उतारावरील वाटा निसरड्या होऊन दरडींमुळे रस्ते बंद पडत असताना मुस्तांगसारख्या पर्जन्यछायेच्या प्रदेशात पदभ्रमण शक्य असते. तथापि तेथे पोहोचण्याचा मार्ग पावसाच्या पट्ट्यातूनच जातो.

वारे आणि विमानसेवा

अन्नपूर्णा (८,०९१ मीटर) व धवलगिरी (८,१६७ मीटर) या शिखरांमधून वाहणाऱ्या काली गंडकीच्या दरीत दिवस तापू लागला की दक्षिणेकडून जोरदार वारे सुटतात. त्यामुळे जोमसोमची विमाने सकाळीच ये-जा करतात. एव्हरेस्ट परिसराचे प्रवेशद्वार असलेल्या लुक्ला येथील धावपट्टी केवळ ५२७ मीटर लांब व उतरती आहे. ढग आल्यास तेथील उड्डाणे रद्द होतात. अशा वेळी परतीचे पुढचे विमान चुकू नये, यासाठी कार्यक्रमात एकदोन दिवस मोकळे ठेवले जातात.

विरळ हवा आणि उंचीचा आजार

हवेतील प्राणवायूचे प्रमाण सर्वत्र सुमारे २१ टक्केच असते. उंचीवर कमी होतो तो हवेचा दाब. सुमारे ५,५०० मीटरवर तो समुद्रसपाटीच्या निम्मा असतो. त्यामुळे प्रत्येक श्वासासोबत शरीराला कमी प्राणवायू मिळतो. या स्थितीशी जुळवून घेण्यास शरीराला काही दिवस लागतात. तो अवधी न मिळाल्यास डोकेदुखी, मळमळ, भूक मंदावणे, थकवा व निद्रानाश ही उंचीच्या आजाराची लक्षणे दिसतात. विश्रांती घेत असतानाही धाप लागणे हे फुप्फुसात पाणी साठल्याचे, तर चालताना तोल जाणे किंवा असंबद्ध बोलणे हे मेंदूला सूज आल्याचे लक्षण असू शकते. अशा रुग्णाला विलंब न लावता खाली नेणे हा मुख्य उपाय होय. तारुण्य किंवा व्यायामाची सवय यांमुळे या आजारापासून संरक्षण मिळत नाही.

१९७३ मध्ये स्थापन झालेली हिमालयन रेस्क्यू असोसिएशन ही संस्था फेरिचे व मनाङ येथे मदत केंद्रे चालवते.

प्रवासाचे नियोजन

३,००० मीटरच्या वर रोजच्या मुक्कामाची उंची ५०० मीटरहून अधिक वाढवू नये आणि दर तीनचार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबावे, असा सर्वसाधारण संकेत आहे. लुक्लापासून ५,३६४ मीटरवरील एव्हरेस्ट पायथा-तळ सरळ रेषेत ४० किलोमीटरहूनही जवळ आहे. तरीही तेथे पोहोचण्यास साधारण आठ दिवस धरले जातात. त्यांपैकी नामचे बाजार (३,४४० मीटर) व दिंगबोचे (४,४१० मीटर) येथील जादा मुक्काम शरीराच्या अनुकूलनासाठी असतात.

ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि मार्च ते मे हे पदभ्रमणाचे मुख्य हंगाम आहेत. पावसाळ्यानंतर आकाश निरभ्र असते. परंतु या हंगामातही धोका असतो. ऑक्टोबर २०१४ मध्ये बंगालच्या उपसागरातील ‘हुडहुड’ चक्रीवादळाच्या प्रभावाने थोरोङ ला (५,४१६ मीटर) या खिंडीच्या परिसरात अकस्मात हिमवादळ होऊन ४० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली.

यात्रेकरू आणि उंची

महाराष्ट्रातून पशुपतिनाथाच्या दर्शनास जाणारे अनेक भाविक पुढे मुक्तिनाथलाही जातात. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे. मुक्तिनाथ त्याच्या दुपटीहून उंचावर असून तेथील हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोन तृतीयांश असतो. पोखऱ्याहून विमानाने किंवा जीपने ही उंची एकदोन दिवसांतच गाठता येते. वाहनामुळे चालण्याचे श्रम वाचतात, पण शरीराला मिळणारा वेळही तेवढाच कमी होतो. यात्रेकरूंमध्ये वयोवृद्धांची संख्या मोठी असल्याने ही बाब विशेष लक्षात घ्यावी लागते. जोमसोम (सुमारे २,७०० मीटर) येथे आधी मुक्काम करणे, दर्शनानंतर पुन्हा खाली उतरून झोपणे आणि हृदयाचा वा श्वसनाचा विकार असल्यास निघण्यापूर्वी वैद्यकीय सल्ला घेणे हितावह ठरते.

श्रावण पौर्णिमेला, म्हणजे महाराष्ट्रातील नारळी पौर्णिमेच्या दिवशी, गोसाइँकुंड (सुमारे ४,३८० मीटर) येथे मोठी यात्रा भरते. अनेक भाविक सुमारे २,००० मीटरवरील धुन्चेहून दोनतीन दिवसांतच तेथे चढून जातात. त्यामुळे या यात्रेत उंचीच्या आजाराचे रुग्ण नेहमी आढळतात.